पडलेल्या पावसाचा ठावठिकाणा

१८५७ च्या उठावात पकडलेल्या शिपायांना जिथे देहदंड दिला, त्या काळ्या चबुतऱ्याच्या आठवणीने छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकाला हे नाव पडले. आज तिथे उड्डाणपूल आहे, अश्वारूढ शिवछत्रपतींचा उंच पुतळा आहे आणि चहूबाजूंना डांबर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक आहेत. जूनमधला पहिला जोरदार पाऊस या चौकात पडतो तेव्हा त्याला जमिनीत शिरायला वाट नसते. पाणी उताराने नाल्यांकडे धावते आणि नाल्यांतून शहराच्या पश्चिम अंगाने वाहणाऱ्या खाम नदीला मिळते. खाम छावणीवरून वाळूजच्या दिशेने दक्षिणेला उतरते आणि जायकवाडी धरणाच्या जलाशयाला, नाथसागराला, जाऊन मिळते. शहर मग त्याच जलाशयातून पंपांनी पाणी उचलून परत आणते. नाथसागराची पूर्ण भरल्याची पातळी १५२२ फूट, म्हणजे सुमारे ४६४ मीटर. शहर त्याहून शंभरेक मीटर उंचावर. दारात पडलेले पाणी खाली सोडून द्यायचे आणि विजेचे बिल भरून पाणी वर चढवायचे, हा छत्रपती संभाजीनगरचा रोजचा व्यवहार आहे.

यावर कुणी म्हणेल, मग चौकातच पाणी अडवा, प्रश्न मिटला. तेवढ्याने तो मिटत नाही. या परिसरात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला किती नदीत जातो, किती जमिनीत मुरतो आणि किती आल्या वाटेने आभाळात परततो, हे ठरवणाऱ्या गोष्टी अनेक आहेत: सह्याद्रीची भिंत, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा खडक, काळी माती, उन्हाळ्याचे ऊन, आपण घेतो ती पिके आणि आपण बांधलेली धरणे. यांतल्या प्रत्येकावर स्वतंत्रपणे पुष्कळ अभ्यास झाला आहे. ते सगळे एका जागी ठेवून पाहण्याचा हा प्रयत्न आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो. मराठवाड्यात पाण्याचे भांडण जवळजवळ नेहमी धरणात दिसणाऱ्या पाण्यावरून होते, आणि हिशेबातला सर्वांत मोठा आकडा मात्र हवेत उडून जाणाऱ्या पाण्याचा असतो. त्याच्याकडे पाहिल्याशिवाय आपली कोणतीही योजना पुरी पडणार नाही.

नदीला पाणी येते कुठून, हा प्रश्न फार जुना. मोजून उत्तर द्यायला मात्र सतरावे शतक उजाडावे लागले. तोवर युरोपातल्या कित्येक विद्वानांना वाटे की नद्यांना पुरेल एवढा पाऊस पडतच नाही. समुद्राचेच पाणी जमिनीखालच्या वाटांनी डोंगरात चढून झऱ्यांतून बाहेर येत असावे. पियेर पेरो या फ्रेंच गृहस्थाने सीन नदीच्या उगमाकडच्या खोऱ्यातला पाऊस मोजला, नदीतून वाहून गेलेल्या पाण्याचा अंदाज बांधला आणि १६७४ साली दाखवून दिले की पडलेला पाऊस नदीच्या पाण्याच्या सहापट आहे. पावसाची अडचण मिटली. उलट उरलेले पाच भाग गेले कुठे, हा नवा प्रश्न उभा राहिला. थोड्याच वर्षांत एडमंड हॅलीने भांड्यातल्या पाण्याची वाफ मोजून भूमध्य समुद्रावरून दिवसाला किती पाणी उडत असेल याचा हिशेब मांडला, आणि चक्राची दुसरी बाजू जुळली. आपल्याकडे त्याच्या हजारेक वर्षे आधी वराहमिहिराने बृहत्संहितेत दकार्गल नावाचा सबंध अध्याय भूजलावर लिहिला होता. कोणते झाड, कोणते वारूळ, कोणता खडक दिसला म्हणजे किती खोलीवर पाणी लागेल, याचे ठोकताळे त्यात आहेत. आज ते सगळे खरे धरता येणार नाहीत. पण जमिनीखालचे पाणी वरच्या खुणांवरून वाचता येते, ही त्यातली मूळ दृष्टी अजून पक्की आहे.

आजचे जलविज्ञान पेरोच्याच वाटेने एक साधे समीकरण मांडते. एखाद्या खोऱ्यात पडलेला पाऊस म्हणजे बाष्पीभवन आणि वनस्पतींचे बाष्पोत्सर्जन, अधिक नदीतून वाहून गेलेले पाणी, अधिक जमिनीच्या वरच्या आणि खालच्या साठ्यात झालेला बदल. सगळ्या पृथ्वीचे आकडे पाठ्यपुस्तकांत असतात, म्हणून त्यांत फार रमत नाही. एवढेच सांगतो की पृथ्वीवरच्या सर्व नद्यांच्या पात्रांत एका क्षणी असलेले पाणी सुमारे दोन हजार घनकिलोमीटर आहे आणि वर्षभरात नद्या समुद्राला देतात ते पाणी चाळीस हजार घनकिलोमीटरच्या आसपास. म्हणजे नदीतले पाणी वर्षातून वीसेक वेळा बदलते. हवेतली वाफ तर नऊ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येते. खडकातले पाणी मात्र वर्षानुवर्षे, कुठे शतकानुशतके, एकाच जागी थांबते. नदी समजून घ्यायची तर हे वेगवेगळे वेग लक्षात ठेवावे लागतात. मराठवाड्यातल्या पुष्कळ चुका शतकांच्या साठ्याला दिवसांच्या वेगाने उपसल्यामुळे झाल्या आहेत.

आता आपले खोरे. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र सुमारे ऐंशी किलोमीटरवर. पण दख्खनचे पठार पूर्वेकडे कललेले असल्यामुळे ती १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. सह्याद्री चढताना मोसमी वारे आपले ओझे उतरवतात. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, आणि घाटमाथ्यापासून पूर्वेला थोडेच अंतर चालले की तो पाचशे-सहाशेवर येतो. वैजापूर, गंगापूर हे तालुके या पर्जन्यछायेत येतात. पैठणपर्यंत, म्हणजे जायकवाडी धरणापर्यंत, गोदावरीचे पाणलोट क्षेत्र २१,७५० चौरस किलोमीटर आहे. त्यातला घाटमाथ्याचा चिंचोळा पट्टा बहुतेक पाणी देतो आणि उरलेला विस्तीर्ण प्रदेश फार थोडे. नाशिक, अहिल्यानगर आणि मराठवाडा यांच्यातल्या पाणीवाटपाच्या वादाचे बीज राजकारणाच्याही आधी या पावसाच्या नकाशात आहे.

उत्तरेला अजिंठ्याची डोंगररांग ही दोन समुद्रांमधली सीमा आहे. कन्नडजवळ गौताळ्याच्या माथ्यावर पडलेला पाऊस उत्तरेच्या कड्यावरून खाली गेला तर तापीतून अरबी समुद्राला जातो. दक्षिणेच्या उतारावर पडला तर गोदावरीतून पूर्वेला. अजिंठ्याच्या लेण्यांना कवेत घेणारी वाघूर तापीच्या खोऱ्यातली, तर वेरूळच्या लेण्यांवरून कोसळणारी येळगंगा गोदावरीच्या खोऱ्यातली. एका जिल्ह्यातली ही दोन जगप्रसिद्ध लेणी वेगवेगळ्या समुद्रांच्या पाणलोटात आहेत. जिल्ह्याच्या शाळांत भूगोल शिकवताना हे दाखवायला सहल काढावी, असे मला फार वाटते. जलविभाजक म्हणजे काय, हे फळ्यावरच्या रेघेपेक्षा गौताळ्याच्या माथ्यावर उभे राहून लवकर कळते.

पण पावसानंतरचा सगळ्यात मोठा निर्णय खडक करतो, आणि तिथे जरा थांबले पाहिजे. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाने, बेसाल्टने, व्यापलेला आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले. प्रत्येक थराचा वरचा भाग थंड होताना वायूंचे बुडबुडे अडकल्यामुळे सच्छिद्र झाला. पुढे त्या पोकळ्या झिओलाइटसारख्या खनिजांनी भरल्या. मधला आणि खालचा भाग घट्ट, अंगावर भेगा असलेला. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा. पाणी साठते ते वरच्या मुरमात, सच्छिद्र पट्ट्यात आणि घट्ट पाषाणाच्या भेगांत. गंगेच्या मैदानातल्या वाळूसारखी सलग साठवण इथे नाही. एका शेतातल्या विहिरीला पाणी आणि बांधापलीकडची कोरडी, हे आपल्याकडे घडते ते यामुळे. वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांत पावसाळ्यात भिंती ओलावतात त्यामागेही हेच थर आणि याच भेगा आहेत. चित्रे आणि शिल्पे जपणाऱ्यांची ती जुनी डोकेदुखी आहे.

या खडकाचे गणित एकदा मांडून पाहावे. बेसाल्टमधून उपसता येणारे पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण एक ते तीन टक्के असते. दोन टक्के धरा. कठीण खडकाच्या प्रदेशात पावसाचा दहावा भाग मुरला तरी बरे मानतात. सातशे मिलिमीटर पावसात तो झाला सत्तर मिलिमीटर. दोन टक्के पोकळीच्या खडकात सत्तर मिलिमीटर पाणी शिरले की पातळी साडेतीन मीटर वर येते. म्हणून एका चांगल्या पावसाळ्यात विहिरी डोळ्यांसमोर भरतात, आणि लोकांना वाटते जमिनीत पाणीच पाणी आहे. त्याच गणिताने उलट बाजूही खरी: सत्तर मिलिमीटर उपसले की साडेतीन मीटर पातळी गेली. दिवाळीला काठोकाठ दिसणारी विहीर मार्चमध्ये तळ दाखवते ती याच कारणाने. तीनशे-चारशे फूट खोल बोअर घेणारा शेतकरी पुष्कळदा नवा साठा शोधत नसतो. शेजारच्या विहिरीला पाणी पुरवणारी तीच भेग तो आणखी खालून गाठत असतो. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे काम १९७२ च्या दुष्काळापासून चालू आहे. हजारो निरीक्षण विहिरींची पातळी ती वर्षातून चार वेळा मोजते. या नोंदी हा मराठवाड्याचा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा दस्तऐवज आहे.

हा खडक चारशे वर्षांपूर्वी एका माणसाने नीट वाचला होता. निजामशाहीच्या मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी गाव, म्हणजे आजचे संभाजीनगर, राजधानीसाठी निवडले आणि त्यानंतर काही वर्षांतच उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्यापासून शहरात पाणी आणणारी नहर बांधली. नहर-ए-अंबरी म्हणजे जमिनीखालचा बांधीव बोगदा. पायथ्याच्या सच्छिद्र खडकात आणि मुरमात झिरपलेले पाणी त्यात जमते आणि केवळ उताराच्या जोरावर शहराकडे येते. वाटेत तपासणीसाठी आणि हवा खेळण्यासाठी मनोरे. वाफेला फारसा वाव नाही, पंप नाही, इंधन नाही. पुढे शहराला आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर त्यांतली सर्वांना ठाऊक असलेली. तिथे उंचावरून सोडलेल्या पाण्याच्या जोराने पीठ दळले जाई. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आणि बीदरचे भुयारी पाट ही याच कुळातली, इराणच्या कनात नावाच्या भुयारी पाटांशी नाते सांगणारी कामे.

नहरीचे कौतुक करणारे पुष्कळ लिहून झाले आहे. मला तिच्यातली एकच गोष्ट इथे सांगायची आहे. नहर खडकातून जेवढे झिरपते तेवढेच देते. पावसाळा चांगला झाला तर धार मोठी, नाही झाला तर बारीक. पण मुरले त्याहून जास्त ती काढू शकत नाही. नदीच्या भाषेत याला पायाप्रवाह म्हणावे: पाऊस थांबल्यावरही नदीला वाहती ठेवणारे, भूजलातून सावकाश येणारे पाणी. नहर तो प्रवाह नदीत उतरण्याआधीच वळवून घेते. बोअरला अशी मर्यादा नाही. वीज असेपर्यंत ते उपसत राहते. नहरींचे मार्ग रस्त्यांच्या खोदकामात आणि इमारतींच्या पायांत ठिकठिकाणी तुटले. आणि त्यांच्या वरच्या अंगाला वस्ती पसरली, बोअर वाढले, तसा त्यांना पाणी देणारा झिरपाच कमी झाला. नहरी दुरुस्त करण्याच्या योजना अधूनमधून येतात. वरच्या पाणलोटातली मुरण्याची जागा न जपता फक्त बोगदा दुरुस्त केला तर कोरडा बोगदा हाती लागेल.

खडकाच्या वर माती. मराठवाड्याची काळी माती कोरडी असताना भेगाळते आणि पहिले पाणी भेगांतून भराभर खाली घेते. भिजून फुगली की भेगा मिटतात आणि पाणी वरून वाहू लागते. अमेरिकी जलवैज्ञानिक रॉबर्ट हॉर्टनने १९३३ मध्ये मांडले की मातीच्या शोषण्याच्या वेगापेक्षा पावसाचा वेग जास्त झाला की अपधाव, म्हणजे पाण्याचे जमिनीवरून वाहणे, सुरू होतो. पुढच्या संशोधकांनी त्याला जोड दिली: जमीन आधीच खालपर्यंत भिजली असेल तर हलका पाऊसही वाहून जातो. आपल्या शेतांत दोन्ही घडते, पहिले बहुधा जूनच्या वळवाच्या सरींत आणि दुसरे ऑगस्ट-सप्टेंबरच्या झडीत. शहरात मात्र फक्त हॉर्टनचेच राज्य आहे. क्रांती चौकातल्या काँक्रीटचा शोषण्याचा वेग शून्य, म्हणून तिथे पाऊस पडला की अपधाव. शंभर चौरस मीटरच्या छपरावर वर्षभरात सत्तर हजार लिटर पाणी पडते, एक हेक्टर फरसबंद जागेवर सत्तर लाख लिटर. चौकाभोवतीच्या वसाहतींनी यातला निम्मा भाग शोषखड्ड्यांतून जमिनीत घातला तर खाली घट्ट खडक असला तरी वरच्या मुरमाला त्याचा उपयोग होतो, आणि खामला एकदम येणारा लोंढाही कमी होतो.

नदी पाणी वाहते तसा गाळही वाहते, आणि दोन्ही मिळून तिचे पात्र घडते. दख्खनच्या नद्यांवर विश्वास काळे यांनी पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातून केलेल्या कामाचा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. वर्षातले बहुतेक दिवस या नद्या जवळपास काहीच करत नाहीत. मोसमातले थोडे मोठे पूर पात्र खोदतात, दगड हलवतात, काठ बदलतात. म्हणजे पात्राची रुंदी सरासरी पाण्यावरून ठरत नाही, पुरावरून ठरते. ज्या नदीत आठ महिने नाल्याएवढेही पाणी नसते तिचे पात्र एवढे रुंद का, असे विचारून काठावर घरे बांधणाऱ्यांना हे उत्तर आहे. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून अडीच लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि पैठण शहर पाण्याखाली गेले, तेव्हा गोदावरीने आपले जुने पात्र वापरले होते.

त्याहून मागे जायचे तर नेवाशाला जावे. प्रवरेच्या काठी हसमुख सांकलियांनी १९५० च्या दशकात केलेल्या उत्खननाने नेवाशाचे नाव पुरातत्त्वात कायमचे कोरले. डेक्कन कॉलेजच्या शरद राजगुरू यांनी पुढे प्रवरा-गोदावरीच्या काठांवरच्या गाळाचे थर अभ्यासले. हिमयुगाच्या शेवटच्या कोरड्या टप्प्यात मोसमी पाऊस मंदावला तेव्हा या नद्यांना स्वतःचा गाळही वाहून नेता येईना, आणि पात्रे भरत गेली. पाऊस वाढला तशा त्या आपल्याच गाळात खोल उतरल्या. आज काठांवर दिसणारी मातीची उंच उभी कड ही त्याची खूण. नदीचे वागणे पावसाच्या बदलाला किती चटकन प्रतिसाद देते, याचा पुरावा आपल्याच खोऱ्यात उभा आहे. नद्यांच्या काठचे गाळपेरे, वाळूचा बेसुमार उपसा यांनी हे थर नाहीसे होत आहेत, याचे दुःख वाटते.

आता नाथसागर. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले. एकूण साठा १०२ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला उपयुक्त ७६.६५ आणि मृतसाठा २६. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. आखणीच्या वेळी पैठणपर्यंत वर्षाला १९६ टीएमसी पाणी मिळेल असे धरले होते, त्यातले ११५ वरच्या भागासाठी आणि ८१ जायकवाडीसाठी. नंतरच्या अभ्यासांत उपलब्धतेचा आकडा खाली आला, वरच्या बाजूची धरणे आणि त्यांचे कालवे मात्र वाढत गेले. दारणा १९१६ पासून आहे, भंडारदरा १९२६ पासून. त्यांच्या पाण्यावर ऊस आणि साखर कारखान्यांची एक सबंध अर्थव्यवस्था उभी राहिली. तिच्या खाली मराठवाड्याचे धरण.

या धरणाच्या जागेची भौगोलिक अडचण मात्र पाणीवाटपाच्या वादांत क्वचितच बोलली जाते. पैठणला खोल दरी नाही. पठार सपाट, म्हणून जलाशय उथळ आणि अवाढव्य पसरलेला: पूर्ण भरल्यावर सुमारे ३५० चौरस किलोमीटर. एवढ्या पृष्ठभागावरून एक मिलिमीटर पाणी उडाले तर ते साडेतीन लाख घनमीटर, म्हणजे ३५ कोटी लिटर होते. संभाजीनगरच्या दोन जुन्या पाणीपुरवठा योजनांची, ५६ आणि १०० दशलक्ष लिटरच्या, एकत्र क्षमता दिवसाला साडेपंधरा कोटी लिटर. जलाशय भरलेला असताना एक मिलिमीटरची वाफ म्हणजे शहराचे दोन दिवसांहून अधिक पाणी. आणि मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यांत दिवसाला एका मिलिमीटरच्या कितीतरी पट पाणी उडते; तोवर पातळी उतरून पृष्ठभाग आकसलेला असतो, एवढाच दिलासा. या तुलनेसमोर मी बराच वेळ थांबलो आहे. शहरात पाणी आठवड्याला येते की चार दिवसांनी, यावर मोर्चे निघतात, आणि उन्हाने घेतलेल्या पाण्याचा उच्चारही होत नाही. जलाशयावर तरंगते सौर पटल बसवून वाफ कमी करण्याचा प्रस्ताव आला. पण १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे, आणि स्थलांतरित पक्ष्यांचा तिथला हक्क हलका मानता येणार नाही. धरणातले पाणी लवकर, पावसाळा संपताच, जमिनीत आणि पिकांत नेऊन वापरणे हा वाफ टाळण्याचा अधिक साधा मार्ग आहे. त्यासाठी कालवे वेळेवर आणि पूर्ण लांबीला वाहावे लागतात, आणि तिथे आपण कमी पडतो.

पाणी वाटण्याचा कायदेशीर पाया २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने घातला. खोऱ्यातल्या सर्व धरणांत तुटीच्या वर्षी समन्यायी साठा असावा, हे त्यातले तत्त्व. या खोऱ्यातल्या पाणीवाटपाचा अभ्यास करणाऱ्या मेंढेगिरी समितीच्या २०१३ च्या अहवालावर आधारून प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी आदेश दिला, आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांखाली असेल तर वरून पाणी सोडायचे, हा नियम आता रूढ झाला आहे. २०२३ च्या दुष्काळी वर्षी ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश त्यानुसार निघाला. नदीच्या कोरड्या पात्रातून पाणी सोडले की त्यातला मोठा भाग वाटेतच मुरतो, उपसला जातो, म्हणून वरचे लोक नाराज आणि खालचे उपाशी. तरीही मी या नियमाच्या बाजूने आहे. खोरे एकच आहे, हे मान्य करणारा तो आपल्याकडचा पहिला ठोस व्यवहार आहे. संभाजीनगरातल्या आणि १९९३ चा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळवणाऱ्या माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्ये हेच सांगितले होते: नियोजनाचे एकक नदीखोरे असावे, जिल्हा किंवा प्रकल्प नव्हे.

धरणांच्या उलट टोकाला पाणलोटाची चळवळ उभी आहे. संभाजीनगर जिल्ह्यात विजयअण्णा बोराडे यांनी आडगावला आणि पुढे जालन्याजवळ कडवंचीला जे करून दाखवले, त्याने एक गोष्ट सिद्ध झाली: माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवले की सातशे मिलिमीटरच्या प्रदेशातही द्राक्षबागा उभ्या राहतात. अहिल्यानगरच्या हिवरे बाजारने याहून पुढचे पाऊल टाकले. तिथे दरवर्षी पावसाचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून पिके ठरतात. हे दुसरे पाऊल बहुतेक गावांनी घेतले नाही. बांध-बंधारे झाले, पाणी वाढले, आणि वाढलेले पाणी आणखी उसात आणि फळबागांत गेले. उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते; आकाशातून पडते त्याच्या जवळजवळ तिप्पट. ही तफावत नदीतून किंवा भूजलातूनच भरून निघते आणि पानांतून हवेत जाते. प्लास्टिक अंथरलेली शेततळी विहिरीच्या पाण्याने भरून ठेवण्याची पद्धत तर खडकातले सुरक्षित पाणी उन्हात आणून ठेवते. बागायतदाराची त्यामागची भीती मला कळते; मे महिन्यात बाग जळाली की दहा वर्षांची मेहनत जाते. पण एका शेताची खात्री वाढते तेव्हा सगळ्या शिवाराचे पाणी कमी होते, हेही तितकेच खरे.

खामचे काय? महापालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व ही संस्था आणि व्हेरॉक ही कंपनी यांनी मिळून गेल्या काही वर्षांत तिचे काठ साफ केले, गाळ आणि कचरा काढला, झाडे लावली. लोकांना नदीकाठी उभे राहावेसे वाटणे हा मोठा बदल आहे. पण उन्हाळ्यात खामच्या पात्रात जे वाहते ते मुख्यतः सांडपाणी. तिचा नैसर्गिक पायाप्रवाह वरच्या पाणलोटात बोअरने उपसला गेला आहे. मोजायचेच तर असे मोजावे: फेब्रुवारीत शहराच्या उत्तरेकडच्या हर्सूलच्या खाली, सांडपाणी मिसळण्याआधी, खाम किती दिवस वाहते?

हवामानबदलाने या सगळ्यावर नवा दाब आणला आहे. हवा एका अंशाने तापली की तिची वाफ धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशांवरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. आपल्या खडकासाठी ही वाईट बातमी आहे. तोच सातशे मिलिमीटर पाऊस थोड्या दिवसांत पडला तर मुरण्याचा भाग घटतो, वाहण्याचा वाढतो, आणि पावसातल्या मोठ्या खंडांत माती जास्त वाफ गमावते. वार्षिक सरासरी तीच राहूनही नदी जास्त वेळा पुराची आणि जास्त वेळा कोरडी होऊ शकते. पाऊस शंभर टक्के झाला ही बातमी म्हणूनच पुरेशी नाही.

शहरासाठी आता अडीच मीटर व्यासाच्या जलवाहिनीची नवी योजना उभी राहत आहे. २०२० मध्ये १,६८० कोटींची म्हणून सुरू झालेली ही योजना पुढे २,७४० कोटींवर गेली. ती लवकर पूर्ण व्हावी, नळाला रोज पाणी यावे, यात दुमत नाही. पण जलवाहिनी नाथसागरात पाणी निर्माण करत नाही. ते पाणी घाटमाथ्यावरचा पाऊस, मधल्या खोऱ्यातली पिके आणि जलाशयावरचे ऊन मिळून ठरवतात.

म्हणून जलसंपदा विभागाला, भूजल यंत्रणेला आणि महापालिकेला एक विनंती आहे. दरवर्षी १५ ऑक्टोबरला धरणांचा साठा मोजून पाणी सोडायचे की नाही ते ठरते. त्याच दिवशी पैठणच्या वरच्या संपूर्ण खोऱ्याचा एकच ताळेबंद एका पानावर, मराठीत, जाहीर करावा: पाऊस किती, धरणांत किती, निरीक्षण विहिरींत पातळी कुठे, उसाखाली किती हेक्टर, आणि जूनपर्यंत नाथसागरातून वाफ किती जाईल. यातल्या बहुतेक नोंदी वेगवेगळ्या कार्यालयांत आधीच होतात. त्या एकत्र करून नाशिक, अहिल्यानगर आणि संभाजीनगरच्या वाचकांसमोर ठेवायला नवे धरण लागत नाही.